रघुनाथरावांना कोणी मारले?

इ. स. १८९३ हे वर्ष दोन कल्पित मृत्यूंचे आहे. त्या डिसेंबरात लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात आर्थर कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात लोटून दिले. त्याच वर्षी पुण्यात हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' पुस्तकरूपाने आली, आणि 'करमणूक' साप्ताहिकातून तिची प्रकरणे वाचत आलेल्या वाचकांचे रघुनाथराव कायमचे मेले.

होम्सचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. वाचक चिडले, त्यांनी लेखकाला रागाची पत्रे लिहिली, आणि अखेर १९०३ साली डॉइलने, धबधब्यात पडलाच नव्हता असे सांगून, त्याला परत आणले. रघुनाथरावांना परत आणण्याची सोय नव्हती. हुशार गुप्तहेर एखाद्या कड्याला धरून वाचू शकतो. मुंबईत बिऱ्हाड केलेला, बायकोला वाचायला शिकवणारा पुणेरी तरुण तापाने गेला, की त्याच्या घरी न्हावी येतो. आपट्यांना हे ठाऊक होते. 'करमणुकी'चे संपादक तेच. प्रकरण अमुक तऱ्हेने संपवा म्हणून सांगणारा वरिष्ठ त्यांच्या डोक्यावर कोणी नव्हता. मग मराठी कथेने तोवर उभा केलेला सर्वांत चांगला नवरा त्यांनी का मारला? आणि वाचकाच्या जीवाभावाच्या माणसाला मारण्याचा अधिकार लेखकाला मिळतो तरी कोठून?

हा प्रश्न आज साहित्याच्या वर्गात निघतो तेव्हा त्याचे उत्तर बहुधा एका शब्दात दिले जाते: शोकांतिका. या शब्दाने काहीच उलगडत नाही असे आमचे मत आहे. आवडत्या पात्राचा मृत्यू हा लेखकाने घेतलेला निर्णय असतो ही जाणीवच मराठीत पुष्कळ उशिरा आली, आणि ती ज्या दशकात आली त्या दशकाचा तिच्याशी निकटचा संबंध आहे.

त्याआधी गोष्टीतले मृत्यू कोणाच्याच खात्यावर नव्हते. भिवंडी तालुक्यातले मुंबई-नाशिक रस्त्यावरचे वडपे आज गोदामांसाठी आणि मालमोटारींच्या रांगांसाठी ओळखले जाते. पण त्या बाजूच्या आगरी गावांत श्रावणात पोथी लावण्याची चाल जुनी आहे. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने तिचा अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. श्रीधराचा 'पांडवप्रताप' लागलेला असेल तर केव्हातरी द्रोणपर्व येते आणि अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो. तो बाहेर येणार नाही हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असते. तरीही डोळ्यांना पदर लागतातच. मात्र वाचणाऱ्याला कोणी म्हणत नाही की बाबा, एवढा पोरगा वाचव. श्रीधराला कोणी दोष देत नाही, व्यासांनाही देत नाही. दोष द्यायचाच तर जयद्रथाला द्यायचा. कथा आधीपासून तशीच आहे, आणि सांगणारा तिचा केवळ वाहक आहे. अशा कथेत मरण हे ऋतूसारखे येते. श्रोता रडतो, पण त्याची फसवणूक झालेली नसते.

संस्कृत नाटककारांची रीत याहून वेगळी होती. भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात असे सांगितले. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने तर याच्या पुढची मजल मारली. रामायणातली सीता शेवटी भूमीच्या पोटात जाते. 'उत्तररामचरिता'त तो गर्भनाटकाची युक्ती योजून तिला रामाकडे परत आणतो. लोकांना प्रिय असलेल्या व्यक्तीला वाचवण्यासाठी आदिकवीची अखेर बदलण्याचे धाडस करणारा हा पहिला मोठा लेखक असावा, आणि तो आपल्याकडचा आहे, याचा आम्हांस थोडा अभिमान वाटतो. या परंपरेला अपवाद म्हणून आज आपण भासाच्या 'ऊरुभंगा'चे नाव घेतो, कारण तेथे दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो. पण भासाची नाटके त्रिवेंद्रमला टी. गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून छापून काढली. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नाटककाराच्या हाती तो आधार नव्हता. त्याच्यापुढे एका बाजूला भरताचा निषेध आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजात शिकलेला शेक्सपिअर, एवढेच होते.

म्हणून विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) हे नाटक महत्त्वाचे. नायक मरतो आणि रमाबाई सती जातात, अशी अखेर मराठी नाटकाने यापूर्वी पाहिली नव्हती. आता हा निर्णय कीर्तन्यांचा म्हणायचा का? अर्धाच. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव क्षयाने गेले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, आणि हे इतिहासाने आधीच ठरवून ठेवले होते. कीर्तन्यांचा निर्णय एवढाच, की नाटक त्या दिवसापर्यंत न्यायचे. हैदरावरच्या विजयाशीच पडदा पाडला असता तर कोणी नावे ठेवली नसती. बरोबर एकशे एक वर्षांनी, १९६२ साली, रणजित देसायांनी 'स्वामी'त त्याच माणसाला पुन्हा थेऊरला नेले. 'स्वामी'चे वाचक पहिल्या पानापासून शेवट जाणून असतात, आणि तरीही ती कादंबरी हातोहात गेली. याचे कारण आम्हांस पोथीच्या बाजूचे वाटते. देसायांच्या वाचकाने माधवरावांच्या मरणाबद्दल देसायांना जाब विचारला नाही. ऐतिहासिक कादंबरीकाराला हे एक संरक्षण असते, आणि आपल्याकडे हा प्रकार इतका का फोफावला याचा विचार करताना या संरक्षणाकडे फारसे कोणी पाहत नाही.

अर्थात लोक इतिहासाचाही निकाल नेहमी मानतात असे नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पुण्याने ते मानायला किती वर्षे घेतली! भाऊ जिवंत आहेत, उत्तरेत कोठेतरी आहेत, येतील, अशी आशा इतकी चिवट निघाली की एका तोतयाने तिच्यावर स्वार होऊन कोकणात किल्ल्यांमागून किल्ले घेतले. १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली तेव्हा कोठे ते प्रकरण मिटले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक त्यावरच आहे. पण या कथेतले आमच्या विषयाला लागून असलेले पात्र तोतया नव्हे, पार्वतीबाई आहेत. भाऊंच्या या पत्नीने नवऱ्याचा मृत्यू मान्य केला नाही आणि १७८३ साली मरेपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. पेशव्यांच्या वाड्यात हे चालून गेले. निर्णय एकट्या स्त्रीचा, आणि सारे राज्य त्यापुढे गप्प. शंभर वर्षांनी पुण्यातल्या साध्या गृहस्थाच्या सुनेला असा निर्णय घेता येत नव्हता, आणि आपट्यांची कादंबरी त्या सुनेची आहे.

'करमणूक' १८९० साली निघाली तेव्हा आपटे सव्वीस वर्षांचे होते. त्या सुमारास पुण्या-मुंबईत कोणत्या गोष्टींवर भांडणे चालली होती ते ध्यानात घेतल्याशिवाय रघुनाथरावांचा मृत्यू कळत नाही. नांदायला न जाण्याचा हक्क मागणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. विधवांचे केस कापणार नाही अशी भूमिका नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी घेतली, तीही याच सुमारास. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणाऱ्या या कायद्याने पुणे दोन तटांत विभागले. वर्तमानपत्रांतून शास्त्रार्थ चालले होते, सभा उधळल्या जात होत्या. आणि त्याच महिन्यांत एक साप्ताहिक दर आठवड्याला यमूचे बालपण, यमूचे लग्न, यमूचे सासर सांगत होते.

यात आपट्यांची मूळ कल्पकता कोठे आहे? त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी यमूला बोलायला लावले. सारी कादंबरी तिच्या तोंडची आहे. स्वयंपाकघरातली, माजघरातली, माहेरच्या ओढीची ती भाषा घरोघर मोठ्याने वाचता येत होती आणि ऐकणाऱ्या बायकांना ती आपलीच वाटत होती. या भाषेतून रघुनाथराव हळूहळू उभे राहतात. बायकोशी बोलणारा नवरा, तिला अक्षर-ओळख करून देणारा नवरा, मुंबईला वेगळे बिऱ्हाड करून तिला मोकळ्या हवेत आणणारा नवरा. मुंबईतली प्रकरणे ही एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यातली सर्वांत सुखी पाने आहेत. त्या काळच्या कथेत नवरा-बायको सहसा एकमेकांशी बोलतच नाहीत; ही दोघे बोलतात, हसतात, रुसतात. वाचणाऱ्या पुरुषाला रघुनाथरावांसारखे व्हावेसे वाटावे आणि वाचणाऱ्या स्त्रीला असा नवरा असावासा वाटावा, इतके ते जमले आहेत.

आणि मग ते मरतात. कादंबरीच्या शेवटच्या पानावर नव्हे, पुढे सांगण्यासारखे पुष्कळ उरलेले असताना. आमच्या मते सारी मेख येथे आहे. रघुनाथराव हे कथेचे नायक असते तर त्यांचा मृत्यू शेवटी आला असता आणि आपण डोळे पुसून पुस्तक मिटले असते. ते शेवट नाहीत. त्यांच्या मागे जी राहिली तिचे काय झाले, हे दाखवण्यासाठी ते मेले. शंकरमामंजी यमूचे बळजबरीने केशवपन करवितात तो प्रसंग ज्याने वाचला आहे त्याला तो विसरता येत नाही, आणि तो विसरता येत नाही याचे कारण आधीची मुंबई आहे. जिला एका माणसाने माणूस म्हणून वागवले होते तिच्या डोक्यावर आता वस्तरा चालतो. नवरा वाईट असता तर हा प्रसंग क्रूर वाटला असता, इतका असह्य वाटला नसता. दुर्गी ही यमूची मैत्रीण वाईट नवऱ्याच्या हाती सापडलेली आहे. तिचे दुःख आपट्यांनी बाजूला मांडून ठेवले आहे, जणू वाचकाने दोन्हींची तुलना करावी म्हणून. दुर्गीबद्दल आपण हळहळतो. यमूच्या वेळी मात्र आपल्याच घरात काहीतरी घडल्यासारखे वाटते.

एवढ्यापुरता आपट्यांचा निर्णय आम्ही बरोबर मानतो. रघुनाथरावांना जिवंत ठेवले असते तर ती कादंबरी सुखी सुधारक जोडप्याची झाली असती, आणि सुधारकाची बायको होणे हाच स्त्रीच्या सुटकेचा मार्ग, असा तिचा अर्थ निघाला असता. नवरा मरण्याने हे उघडे पडले की यमूचे सारे स्वातंत्र्य एका माणसाच्या श्वासावर उभे होते. ते तिचे कधीच नव्हते. हे व्याख्यानाने कळले नसते. ज्याच्यावर वाचकाने दोन वर्षे जीव लावला तो माणूस गेल्यावरच ते कळण्यासारखे होते.

पण आपटे येथे थांबले नाहीत. पुढे यमूही मरते, आणि तिच्या पश्चात तिचे लिखाण जगापुढे येते अशी रचना आहे. हा दुसरा मृत्यू आम्हांस पहिल्याइतका निर्विवाद वाटत नाही. मराठी समीक्षेने या दोन मृत्यूंना एकाच मापाने मोजले हे आमचे जुने गाऱ्हाणे आहे. यमू मरण्याने काय साधले? करुणेचा पूर आला, हे खरे. पण मेलेल्या विधवेसाठी रडणे सोपे असते. तिला उद्या जेवायला वाढायचे नसते, तिला कोठे ठेवायचे हे ठरवायचे नसते, तिने पुन्हा लग्न केले तर तिच्या पंक्तीला बसायचे की नाही हा प्रश्न उरत नाही. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षे झाली होती. शारदा सदन पुण्यातच होते. आणि ज्या वर्षी हे पुस्तक बाहेर आले त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्व्यांनी त्या सदनातल्या गोदूबाईंशी लग्न केले. त्या लग्नापायी कर्व्यांना आपल्या मुरुड गावात बहिष्कार सोसावा लागला. गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून दीर्घ आयुष्य जगल्या आणि त्यांनी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले. म्हणजे १८९३ च्या महाराष्ट्रात एक विधवा कादंबरीत मरत होती आणि दुसरी प्रत्यक्षात जगत होती, आणि जगणारीचा लोकांना अधिक राग येत होता.

आपट्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. यमूचे लग्न लावून दिले असते तर कादंबरी त्या घडीला प्रचारपत्रक ठरली असती, आणि 'करमणूक' ज्या सनातनी घरांत शिरली होती त्यांनी कदाचित दारे लावून घेतली असती. शिवाय यमूचे शरीर मरते, पण तिची वही वाचकाच्या हातात राहते. जिला बोलू दिले गेले नाही तिचे बोलणे छापले जाते. हा काही लहान विजय नव्हे. तरीही यमू जिवंत राहिलेली, केस कापलेली, वाचू-लिहू शकणारी आणि काय करावे हे न कळणारी अशी शेवटच्या पानावर उभी असती, तर ती कादंबरी मिटवणे वाचकाला जड गेले असते, असे आम्हांस वाटत राहते.

सहाच वर्षांनी गोविंद बल्लाळ देवलांनी उलट मार्ग धरला. 'संगीत शारदा' (१८९९) मधली शारदा नदीवर जीव द्यायला जाते. पैशापायी म्हाताऱ्याला दिलेली ही मुलगी त्या काळी घरोघरी होती आणि त्यांतल्या काहींचा शेवट विहिरीत झाला होता. देवल कोदंडाला वेळेवर पोहोचवतात. वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघडकीस आलेलेच असते, धर्मपीठाकडून लग्न झालेच नाही असा निर्णय येतो, आणि शारदा कोदंडाची होते. ही सोडवणूक बेताची आहे हे देवलांनाही कळले असणार. ज्यांनी 'झुंझारराव'मध्ये (१८९०) ऑथेल्लोची कमळजा न वाचवता मरू दिली, त्यांना मरणाची भीती नव्हती. मग शारदेला का वाचवले? आमचा तर्क असा, की कमळजा परक्या कथेतली होती आणि शारदा प्रेक्षागृहात बसलेल्या कोणाचीतरी मुलगी होती. तिला मारले असते तर तो बाप घरी जाऊन म्हणाला असता, नशिबात होते. तिला वाचवल्याने दुसरा रस्ता आहे एवढे तरी दिसले. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला तेव्हा तो मांडणाऱ्या हरविलास सारडांच्या आडनावामुळे त्याला 'सारडा कायदा' म्हणू लागले. मराठी माणसाच्या कानाला त्यात शारदाच ऐकू आली, आणि ते अगदीच चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही.

रंगभूमीवरचा सर्वांत रडवणारा मृत्यू मात्र सिंधूचा. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, आणि त्यानंतर महिन्याच्या आत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. ज्याने निर्णय घेतला तो जाब द्यायला उरलाच नव्हता. सुधाकर दारूच्या नशेत मूल मारतो, सिंधूला जखमी करतो. सिंधू मरताना फौजदारासमोर नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते आणि मग सुधाकर विष घेतो. एका घरातली तिन्ही माणसे संपतात. बालगंधर्वांच्या सिंधूने तीन पिढ्यांना रडवले यात शंका नाही. पण या मृत्यूंच्या मागे कोण उरते? रामलाल, शरद, गीता हे उपकथानकातले लोक, ज्यांच्यावर प्रेक्षकाचा तेवढा जीव नसतो. रघुनाथरावांच्या मरणाने गोष्ट सुरू झाली होती, सिंधूच्या मरणाने ती बंद होते. आजचे विद्यार्थी सिंधूच्या शेवटच्या खोट्यावर चिडतात. मरता मरताही तिने त्याला का वाचवावे, असे विचारतात. गडकऱ्यांच्या भाषेचे भक्त त्यावर नाराज होतात. आम्ही विद्यार्थ्यांच्या बाजूने आहोत. त्यांचा राग सिंधूवर नसून तिला तेवढेच करू देणाऱ्या लेखकावर आहे, आणि पोथी ऐकणाऱ्याला असा राग कधी आला नसता. मधल्या काळात वाचक बदलला तो असा.

विनोदी मालिकेतल्या आणि मुलांच्या पुस्तकांतल्या पात्रांना हा धोका नसतो. चिं. वि. जोशांचे चिमणराव, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार यांच्याशी वाचकाचा करारच तसा असतो. त्यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट शेक्सपिअरच्या निमित्ताने. 'किंग लिअर'मधली कॉर्डेलिया मरते हे इंग्रजांनाही सोसवले नव्हते. नेहम टेटने १६८१ साली तिला वाचवून, तिचे लग्न लावून नाटक गोड केले, आणि १८३८ साली मॅक्रेडीने मूळ अखेर रंगभूमीवर परत आणेपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे तेच रूप चालले. डॉक्टर जॉन्सनसारख्या कठोर समीक्षकाने कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपण इतके हादरलो की शेवटचे प्रवेश कित्येक वर्षे पुन्हा वाचले नाहीत अशी कबुली दिली आहे. हे लक्षात ठेवून 'नटसम्राट' (१९७०) पाहावे. वि. वा. शिरवाडकरांनी लिअरची छाया घेतली, पण मुलीला, नलूला, मारले नाही. नाटक संपण्याच्या पुष्कळ आधी ते कावेरीला नेतात. अप्पासाहेब बेलवलकरांना 'सरकार' म्हणायला कोणी उरत नाही, आणि तरी त्यांना जगावे लागते. एक बूटपॉलिशवाला पोर त्यांना आसरा देतो. शेवटी तेही मरतात हे खरे, पण आमच्या मनात घर करून राहतो तो मधला काळ. शिरवाडकरांचा हिशेब आपट्यांच्या हिशेबाशी जुळतो. मरण आधी, आणि नाटक त्यानंतरच्या जगण्याचे.

अखेरीस विश्राम बेडेकरांच्या 'रणांगणा'कडे (१९३९) येऊ. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि चक्रधर विध्वंस व हेर्टा यांचे काही दिवसांचे प्रेम. बोटीवरच्या दिवसांना जमिनीवरचे नियम लागू नाहीत, आणि बोट बंदराला लागणार हे दोघांनाही माहीत आहे. मुंबईला चक्रधर उतरतो. हेर्टाला उतरण्याची परवानगी नाही. ती बोटीबरोबर पूर्वेकडे, चीनच्या बंदरांकडे जाते आणि वाटेत समुद्रात जीव देते. हे आपल्या डोळ्यांसमोर घडत नाही. ते मागाहून, कागदावरून कळते. नाट्यशास्त्राने सांगितलेला प्रवेशक मराठी कादंबरीने नकळत पुन्हा उपयोगात आणला तो असा, आणि मरण नजरेआड ठेवण्याने ते किती जवळ येते हे भरतानंतर बहुधा बेडेकरांनीच एवढ्या नेमकेपणाने ओळखले.

हेर्टाला मारायला हवे होते का, हा प्रश्न या पुस्तकाबद्दल सहसा विचारला जात नाही. तिचा मृत्यू अटळ वाटतो. मागे देश नाही, पुढे देश नाही, आणि ज्याच्यापाशी थांबावेसे वाटले तो किनाऱ्यावर उतरून गेला. १९३९ साली लिहिणाऱ्याला पुढचे काही दिसणे शक्य नव्हते. आज आपल्याला दिसते. युरोपात मागे राहिलेल्यांचे काय झाले ते सांगायला नको. पण १९३८ पासून प्रवेशपत्राशिवाय उतरता येत होते अशा शांघाय बंदरात पंधरा हजारांहून अधिक ज्यू निर्वासित पोहोचले. जपान्यांच्या ताब्यातल्या त्या शहरात त्यांनी उपासमार सोसली, रोगराई सोसली, एका कोंदट वस्तीत ते कोंडले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य युद्ध संपले तेव्हा जिवंत होते. हेर्टाची बोट त्याच दिशेने चालली होती. बेडेकरांना ते ठाऊक नव्हते. कठड्यापाशी उभ्या असलेल्या हेर्टालाही नव्हते.